काकड्यांतलं नाणं

गुरुवारी, संग्रहालय बंद व्हायला वीस मिनिटं असताना
येरोनिमास बुटकुस काडेपेटी घेऊन आला.
आत कापसावर तांब्याचं नाणं,
माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं, लालबुंद,
जणू सकाळीच टांकसाळीतून निघालेलं.
"कुणाचं आहे, एवढं सांगा."

माझा जीव चुकचुकला.
जुन्या तांब्यानं कसं काळंहिरवं असावं.
"कशानं घासलंत?"
"घासलं कुठं? काकड्यांत होतं."

आम्ही नेवेझिसच्या काठचे. केदाइनियायमध्ये
हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.
बरणीत शेपूचे तुरे, लसूण, ओकची पानं
आणि तळाशी तांबं: काकडी हिरवीगार राहते.
त्याच्या आईनं, अपोलोनियानं, पन्नास उन्हाळे हेच बुडवलं.
पन्नास उन्हाळ्यांनी राजाचं नाक खाल्लं,
मग कान,
मग डोक्यावरची पानांची माळ.

दिवा आडवा धरला.
छाप्याकडे एक टेकाड, हनुवटी असेल.
काट्याकडे नुसता चकचकाट.
वजन एक ग्रॅम आणि वर चिमूटभर.
कागद ठेवून पेन्सिल फिरवली, तेव्हा
एक पाय उमटला.
घोड्याचा. मागचा.

"शिलिंग," मी म्हटलं, "सोळाशे साठच्या आसपासचं.
घोडा म्हणजे लिथुआनियाचं; पोलंडचं असतं तर गरुड.
लढाया संपत नव्हत्या आणि चांदी संपली होती.
सैनिकांचे पगार थकले,
तेव्हा तांब्यावर चांदीचा भाव छापून
अशी कोट्यवधी पाडली."
"कोट्यवधी?" चेहरा जरा उतरला.
"नांगराला लागतात. किंमत म्हणाल तर एक कप कॉफी."

"खरं तरी आहे का?"

आता काय सांगू.
खोटी पाडणारेही तेव्हाच पाडत होते, त्याच तांब्यात,
आणि जी राजाची, त्यांतलं तांबंसुद्धा
छापल्या भावाच्या पासंगाला पुरत नव्हतं.
पत आधी कुणाची बुडाली, कोण जाणे.
मिठाच्या दुकानात ही पालथी करकरून बघत असतील,
आणि मग मीठ नाही म्हणत असतील.

"आई म्हणायची," तो म्हणाला,
"खोट्या पैशानं काकडी काळी पडते.
आमची कधी पडली नाही."

मी वही ओढली. धातू, वजन, घोडा, प्रश्नचिन्ह.
कुठं सापडलं?
"बरणी लिहा."
"त्याआधी?"
"त्याआधी आजीची बरणी."
त्याआधीचं तो आठवत राहिला,
मी पेन वर धरून थांबले,
रखवालदारानं किल्ल्या वाजवल्या.

"इथंच राहू द्या, कोरड्या हवेत टिकेल."
त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.
"जुलै लागलाय," म्हणाला,
आणि नाणं मुठीत धरून गेला.
काडेपेटी विसरला.

शेवटचा रकाना भरला:
परत दिलं. कारण, काकड्या.
पेन्सिलीचा कागद फायलीत आहे.
घोडा कुठं निघालाय ते कळत नाही,
एका पायावरून किती सांगणार.
बोटांना शेपूचा वास येतोय अजून.