दीड मिनिट

ते दीड मिनिट माझ्याकडे नाही.
ते हिराजी ठाकूरकडे आहे,
उलव्यात, आमच्या सोसायटीच्या गेटवर.
दुधाची पिशवी फुटली, जीभ चावली गेली,
आणि त्याने स्वतःची उजवी चप्पल काढून
माझ्या नाकाला लावली.
डॉक्टर हसले नंतर. मला हसू आलं नाही.
परत आलो तेव्हाची पहिली खूण तीच:
रबर, घाम, खाडीचा चिखल.

अकरा हजार तास नोंदवहीत.
हे दीड मिनिट कुठल्या रकान्यात लिहू?

मग चार वर्षं मी इतरांची उड्डाणं लावत बसलो,
कोण पहाटे, कोण रात्री, कुणाची सुट्टी.
डोक्याला एकवीस तारा, केसांत वाळलेली पेस्ट.
‘रात्रभर जागून या,’ म्हणायचे,
म्हणून तीन वाजता वृंदा पत्ते पिसायची,
मुद्दाम हरायची,
आणि पानांऐवजी माझ्या बोटांकडे बघायची.
चमचा पडला तरी घर थांबायचं.
मुलगी पाचवीतून नववीत गेली.
माझ्या टोपीत ती पिना आणि सुटे पैसे ठेवू लागली,
मी काही बोललो नाही.

डोंगर फुटला, समोर विमानतळ उभा राहिला.
पहिलं विमान उतरताना मी गॅलरीत होतो.
जरा उंच येतोय, म्हणालो,
कुणालाच नाही.

बोर्डाने विचारलं, घराण्यात कुणाला?
मला सुमनमावशी आठवली,
जिच्या अंगात यायचं, आणि बायका ओटी भरायच्या.
सांगून टाकलं.
त्यांनी लिहून घेतलं, देवी वगळून.

आज पत्र आलं. पात्र.
खाली बारीक अक्षरात:
केवळ दुसरा वैमानिक सोबत असताना.
वृंदाने ती ओळ दोनदा वाचली
आणि उतू जाणाऱ्या दुधाकडे धावली.

मी खाली गेलो, हिराजीला सांगायला.
तो खुर्चीतून उठला नाही.
‘बरा झाला,’ म्हणाला. मग बराच वेळ काहीच नाही.
‘सायब, तितं डांबराखाली आमचा शेत हाय.
चाका टेकवशील तवा
जरा हलू.’

हो म्हणालो.
लिफ्ट बंद होती.
सात मजले चढलो,
कठड्यावरचा हात
एकदाही न उचलता.