खारेपणाचा रकाना

महाप्याला, एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर
माझा सूर्य एका दांडीवर सरकतो.
माउसने ओढला की सकाळचे साडेसहा,
आणखी थोडा, की टळटळीत बारा.
सावल्या आपापल्या लांबतात, आखडतात.
पूर्वी उजेड रात्रभर भाजत ठेवावा लागे,
मशीन तापायचं, आम्ही खाली टपरीवर.
आता सगळं जागच्या जागी होतं
आणि टपरीवाला विचारतो, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत.

दिवसा इंजिन बिल्डरच्या कामाला:
घणसोलीचा बेचाळीस मजली टॉवर
पहिल्या विटेआधीच उभा.
लॉबीत झुंबर, फरशीत झुंबर,
एक बाई कुत्रा घेऊन जाते,
चाळीस सेकंदांनी परत तीच बाई, तोच कुत्रा.
गिऱ्हाईक चष्मा चढवून
विसाव्या मजल्याच्या कठड्याला टेकायला जातं
आणि तोल सावरत हसतं.

सातनंतर तेच इंजिन माझं.
त्यात मी मिठागर बांधतेय.
खेळ साधा आहे: उधाण यायच्या आत
उघाडी लावायची, बांध राखायचा.
वजन कसं पडतं, चिखल कसा ढासळतो,
हे मला शिकवावं लागत नाही, ते इंजिनाला येतं.
मला येत नाही ते मीठ.

म्हणून प्रणिशाने तिच्या मोठ्या काकांना आणलं,
काथोर मढवी, गोठिवली.
खुर्चीवर टेकले, एसीखाली आखडून,
आणि पहिलं वाक्य:
"वारा उलटा हाय."
मी वारा फिरवला. एका आकड्याचं काम.
गवत दुसरीकडे कललं, तेव्हा कुठे ते नीट बसले.

मग म्हणाले, "पानी खारा हाय ना?"
पाण्याच्या खिडकीत मी सगळं उघडून पाहिलं:
रंग, खोली, लाटेची उंची,
फेस किती, आरपार किती, चमक किती.
खारेपणाचा रकाना नव्हता.
मी एक नवा तयार केला. शून्य ते एक.
एकवर नेऊन ठेवला.
तो कशालाच जोडलेला नाही, हे मी सांगितलं नाही.

पावलांचा आवाज त्यांना पटेना.
पापडी मोडते तेव्हा असा नाय वाजत, म्हणाले,
आणि प्रणिशाच्या डब्यातला उडदाचा पापड घेऊन
माइकसमोर सावकाश, टाचेने दाबावा तसा,
तळहाताने दाबला.
तिघंही गप्प. लाल रेघ थरथरली.
तोच आवाज खेळात आहे,
कान देणाऱ्याला हिंगाचा वासही येईल.

कॅमेरा फिरवताना त्यांनी विचारलं,
"पाठीमागं काय हाय?"
काही नाही, काका. जिकडे कोणी बघत नाही
तिकडचं इंजिन काढतच नाही. मेहनत वाचते.
वळलात की लगेच काढतं.
ते पटकन वळले. खाडी होती.
पुन्हा वळले. होती.
"आनि आमी झोपलो असताना?"
प्रणिशा हसली. ते नाही.

निघताना टॉवर बघायचा म्हणाले.
चष्मा कपाळावर घट्ट बसवला, विसावा मजला उघडला.
कठड्याला त्यांनी हात लावला नाही.
बाई कुत्रा घेऊन गेली, तिला वाट दिली.
मग वाकून खाली बघत राहिले,
आणि मला आठवलं, खाली मी काहीच बांधलेलं नाही.
ब्रोशरमध्ये खालचं दिसत नाही.
तिथे फक्त इंजिनाची मूळची जमीन,
करडी, सपाट, आखून दिलेल्या चौकटींची,
क्षितिजापर्यंत.

किती वेळ ते एक बोट हवेत हलवत होते,
या चौकटीवरून त्या चौकटीवर,
ओठांतल्या ओठांत कोणाकोणाची नावं घेत.

चष्मा काढला. डोळ्यांभोवती रबराचा वळ.
"मीठ तुला अजून जमला नाय, पोरी," म्हणाले,
"पन या कोंड्या बराबर कारल्यास."