तिसरी लांबी

फळा म्हणजे एका मोडक्या पेटीचं झाकण.
खडू मोजून चार.
मालकालच्या छावणीत, ताडपत्रीखाली
आम्ही एकोणीस, शिवाय एक बकरी,
तिला कुणी कधी हाकललं नाही.
मी बकरीशेजारचा.

न्याक्वेई बाईंच्या कपाळावर टिंबांची ओळ होती,
भुवयांच्या वरून, या कानापासून त्या कानापर्यंत,
कातडीखाली ज्वारी पेरून ठेवावी आणि
ती उगवायची राहून जावी, तशी.
आमची कपाळं कोरी.
ते करणारा म्हातारा नदीपलीकडेच राहिला होता,
का नव्हताच राहिला, कुणाला माहीत.

बाहेरचे आपल्याला शिलुक म्हणतात, बाई म्हणाल्या.
आपण चोल्लो.
आणि आपण जे बोलतो त्याला आपल्यात तोंडच म्हणतात.
धोग चोल्लो. चोल्लोंचं तोंड.
उघडा.

एकोणीस तोंडं उघडली.
त्यांत बाजारातली अरबी होती,
रेशनकार्डावरची इंग्रजी होती,
एकाच्या तोंडात चिंगम होतं, ते त्यानं गिळलं.

एक स्वर आखूड.
बाईंनी चुटकी वाजवली.
एक लांब.
तळहात हवेत सरकवला.
आणि एक त्याहूनही लांब.
त्याला घाई चालत नाही.
पलीकडच्या होडीवाल्याला हाक मारता ना, तसा ओढायचा,
पण ओरडायचं नाही.
ओरडलं की सूर चढतो,
सूर चढला की शब्द दुसराच होतो,
मग बसा गाय बोलावून भलतंच काही दारात येण्याची वाट बघत.

आम्ही हसलो. पुन्हा ओढला. पुन्हा चुकलो.
बाई चिडल्या नाहीत. नदीकडे बघत राहिल्या.
पश्चिमेच्या काठावर धूर दिसायचा काही दिवशी.
चुलीचा की कशाचा, ते इतक्या लांबून कळत नाही.

त्यांचा भाऊ ओथोव होडी बांधायचा,
भेंडासारख्या हलक्या लाकडाची,
शेपटाकडे रुंद, नाकाशी वर वळलेली.
पाण्यात फार वेळ ठेवली की ती पाणी पिते, जड होते,
म्हणून काठाला लागलं की डोक्यावर घ्यायची,
उन्हात वाळवायची.
आधी होडी माणसाला नेते, मग माणूस होडीला,
असं बाई सांगायच्या
आणि खडू न टेकवताच फळ्यावर काहीतरी काढायच्या.

त्या दिवशी धडा राजाचा होता.
रेथ मेला असं म्हणायचं नाही.
देश उरला नाही, असं म्हणतात.
आणि पहिला, न्यिकांग, तो तर मेलाच नाही,
वावटळ आली आणि तो तिच्यात गेला.
बोला.
आम्ही बोललो.

मग बाई म्हणाल्या, अगदी हळू,
ओथोवसुद्धा वाऱ्यात गेला.

मी हात वर केला.
मला वाटलं बाई चुकल्या.
मी म्हणालो, बाई, ते फक्त राजांसाठी असतं.

बकरी कुणाची तरी वही चावत होती.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं,
शाबासकी देताना बघत तसं.
बरोबर आहे, अद्वोक, म्हणाल्या.
फळ्याकडे वळून साधा शब्द लिहिला,
सगळ्यांसाठी असतो तो, आखूड स्वराचा,
आणि आमच्याकडून तीनदा म्हणून घेतला.

आता मी रेंकच्या धक्क्यावर पोती मोजतो.
माझा मुलगा फोनवर आपली भाषा टाइप करतो,
स्वर एकच ठेवतो, सगळीकडे तोच.
समजतं की, म्हणतो. समजतंच.

मंगळवारी मालकालहून बोट आली.
नांगर टाकायच्या आधीच एकजण कठड्यावरून ओरडला,
अरबीत, दोन शब्दांत,
न्याक्वेई बाईंचं.
हमालांनी पोती खाली ठेवली नाहीत.
मीही आकडा विसरलो नाही, एकशे बेचाळीस.

संध्याकाळी पाण्याशी गेलो.
तिथे काय बोललो ते लिहिता येत नाही,
त्या लांबीला खूण नाही.
पलीकडून एक होडीवाला वळला,
त्याला वाटलं मी त्यालाच हाक मारतोय.