कडता

कोपरखैरण्यातल्या अभ्यासिकेचं शटर
भोईरकाका पाच वाजता अर्धंच वर करतात.
वाकून आत जायचं.
"डोकं सांभाळ," ते रोज म्हणतात,
आणि मला रोज वाटतं, तेवढंच तर करतेय.

खिडकीजवळची खुर्ची सीए करणाऱ्या मुलाची.
तीन वर्षं झाली, खुर्चीवर त्याची स्वतःची उशी आहे.
माझी जागा पाण्याच्या कूलरला लागून.
तो दर अकरा मिनिटांनी घरघरतो. आधी चीड यायची,
आता त्याच्यावरच वेळ लावते:
एक घरघर, एक उतारा, चार प्रश्न.

पहिल्या सराव परीक्षेत
सहासष्टांतले एकसष्ट प्रश्न सोडवले.
पानात वाढलेलं टाकायचं नाही, आमच्याकडची रीत.
पर्सेंटाइल आलं एकेचाळीस.
म्हणजे शंभरातले एकेचाळीस माझ्या मागे,
असं आईला समजावलं.
ती म्हणाली, "मग पुढे किती?"

आप्पा वाशीला कांदा-बटाटा मार्केटात मापाडी.
गोण काट्यावर चढायच्या आधी
वजन त्यांच्या ओठांवर आलेलं असायचं,
काटा मागून यायचा, बहुतेकदा होकार द्यायला.
त्यांनी माझा कागद उलटसुलट पाहिला,
इंग्रजी ओलांडून थेट आकड्यांवर उतरले.
"बरोबरला तीन, चुकलं तर उणे एक?"
हो.
"मग हा कडताच की.
बारदानाचा, मातीचा, सडक्याचा.
तू कडता न धरता माल उचललास.
एकसष्ट गोणी!
कुणी सांगितलं होतं?"

तेव्हापासून एक वही केली.
डावीकडे प्रश्न, उजवीकडे पाय कुठे घसरला ते.
"येत नव्हतं" असं फार कमी वेळा लिहावं लागलं.
"येत होतं, घाई."
"येत होतं, 'वगळता' हा शब्दच वाचला नाही."
"येत नव्हतं, तरी आठ मिनिटं दिली,
कारण सात दिली होती."
हे शेवटचं सतरा वेळा आहे.

मी महाप्याला विम्याचे दावे तपासते.
सहावं वर्ष.
कारण पाच झाली होती.

रात्री कौशाहून फिरदोस एक उतारा पाठवते.
अट एकच: लेखकाला नेमकं काय खुपतंय, ते एका ओळीत.
प्रवाळांवरच्या दीड पानाला तिनं लिहिलं,
"ह्याचं कुणी ऐकत नाही म्हणून चिडलाय."
पाचही उत्तरं बरोबर.
माझी ओळ तीन ओळींची होती.

रविवारी दुपारी आप्पा तक्ते घेऊन बसतात.
आठशे सत्तेचाळीसातले एकशे एकोणीस, किती टक्के?
मी पेन उचलते.
"पेन खाली. गोण नुसती बघ."
चौदा.
"चौदा, आणि?"
थोडं वर.
ते मान हलवतात, चहा मागतात.
मार्केटात आता काटा लाल आकड्यांत बोलतो,
आप्पांना आधी कुणी विचारत नाही.
हे मला त्यांनी सांगितलेलं नाही.
तक्ते मात्र ते आठवड्याला वाढवून मागतात.

ऑक्टोबरात अठ्ठावीस प्रश्न सोडून दिले.
हात शिवशिवत होते,
उष्ट्या ताटावरून उठल्यासारखं वाटलं.
पर्सेंटाइल सांगत नाही, दृष्ट लागते.

उद्या घोडबंदर रोडचं केंद्र, सकाळची पाळी.
भोईरकाकांना आज विचारलंच,
शटर पूर्ण का उघडत नाही?
"अडकतं. दुरुस्तीवाला गणपतीला गावी गेला
तो तिकडचाच झाला."

घरी आप्पांनी विचारलं, "किती सोडशील?"
म्हटलं, पंचवीस-तीस.
"बघून सोड.
न बघता एकही सोडू नको."
मग दारातली माझी बॅग उचलली,
हातात जराशी तोलली.
"सव्वादोन किलो," म्हणाले.
"बाटली अर्धीच भर."