पाणी सोडणे

सिॲटलमध्ये माझ्या उशाशी एक यंत्र असायचं.
रात्री तीनला ते कोकललं की समजायचं,
कुठेतरी कुणाला तरी एक पान
पाव सेकंद उशिरा दिसतंय.
मी उठायचो. पाव सेकंद परत आणून द्यायचो.
त्याचे इतके पैसे मिळत
की आईला आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली,
वर्षाचा नको, महिन्याचा सांग.
मी महिन्याचाच सांगितला होता.

आता कुस्कोक्विमच्या काठी
उणे चौतीसमध्ये फोन वाजतो, तोही तीनलाच.
नास्ताशिया असते. "बॉयलर विझलाय,"
किंवा नुसतंच, "ये."
मग बीव्हरच्या कातड्याचे हातमोजे, डोक्याला दिवा,
आणि शाळेमागे गोठलेल्या पाइपाशी
केस वाळवायचं यंत्र धरून
गुडघ्यांवर मी.
अकरा वर्षांचा अनुभव, दोन पेटंट.

पहिल्या हिवाळ्यात मी पंपांना सेन्सर लावले,
आलेख काढले. देखणे होते.
एव्हॉनने एकोणतीस वर्षं हे पंप सांभाळलेत;
तो आलेखाकडे बघून मान हलवत राहिला,
मग पंपाला कान लावून म्हणाला, "हा उद्या जाणार."
आलेख म्हणत होता, ठणठणीत आहे.
दुसऱ्या दिवशी गेला.
असं माझं पाणी जोखलं गेलं.

खोटं कशाला बोलू, आठवण येते.
कॉफीची नाही.
माझी चूक ओळीनिशी दाखवून
खो खो हसणाऱ्या त्या चौघांची.
इथे चूक झाली तर कुणी हसत नाही.
बादल्या घेऊन नदीवर जातात,
बर्फ फोडतात.

आमच्यात गेलेल्याचं नाव नव्या बाळाला देतात.
मला ओलिंकाच्या नवऱ्याचं मिळालं,
म्हणून ब्याऐंशी वर्षांची ती
मला नवराच म्हणते.
मी परतलो त्या दिवशी दारातच कडाडली,
"इतकी वर्षं कुठे उलथला होतास?"
तो नदीत बुडाला त्याला छत्तीस झाली,
मी गेलो त्याला सतरा.
कुणाला विचारतेय ते तिने सांगितलं नाही.
वाळवलेला सामन पुढे ठेवला.

जुने सहकारी म्हणतात,
एवढ्या नोकरीवर पाणी सोडलंस.
हो. रोज सहाला सोडतो.
क्लोरीन तपासतो, झडप फिरवतो,
आणि थांबतो.
गावाच्या टोकाला ओलिंकाचा नळ
आधी खोकतो,
मग गंज,
मग हवा,
मग