पाकिटावरची गुंफाबाई

नाला उपसताना गाळात सापडली गुंफाबाई.
हसत होती.
जवसाची चटणी, दोनशे ग्रॅम,
आतून चांदी, बाहेरून लाल,
आणि मधोमध तिचा फोटो,
हळदीकुंकवाला घेतात तसा डोक्यावर पदर.

तीन पावसाळे चिखलात काढून
एक रेघ पुसली नव्हती.
खरी गुंफाबाई शेजारीच उभी, हातात फावडं,
पुढचे दोन दात पडलेले, केस पिकलेले.
तिनं पाकीट लुगड्याला पुसलं. न्याहाळलं.
"मी मेली तरी हे सडनार नाई वो."

आम्ही हसलो.
मग एकेकीचं हसू थांबलं.

रऊफभाई दर बुधवारी येतो, टेम्पोवर भोंगा लावून.
लोखंड घेतो, पुठ्ठा घेतो, फल्लीतेलाचा डबा,
सलाइनची बाटली, दुधाची पिशवीसुद्धा.
आमचं पाकीट त्यानं दोन बोटांत धरलं,
नखानं कोपरा सोलला:
एक पापुद्रा, त्याखाली चांदी, त्याखाली आणखी एक.
"तीन जनं एका दोरीत बांधले तुमी, ताई.
सोडवाले गेलं तं तिघंही फाटतेत.
हे मी फुकट बी नेत नाई."

वहीत मी लिहिलं: महिन्याला अकरा हजार पाकिटं.
खाली गुणिले बारा.
पुढचा हिशोब त्या दिवशी केला नाही.

नवीन पाकीट एकाच जातीच्या प्लास्टिकचं आहे.
(पिंपळखुट्यात पहिल्यांदाच कुणी जात विचारली
आणि त्यात कुणाचा अपमान नव्हता.)
चमक गेली. चटणी नऊऐवजी चार महिने टिकते.
नागपूरचा वितरक फोनवर म्हणाला,
"मॅडम, कपाटात मेल्यासारखं दिसतं."
गुंफाबाई पलीकडून ओरडली,
"मंग लौकर खा म्हना!"

आठवडी बाजारात काचेची बरणी, दहा रुपये अनामत.
निम्म्या परत येतात.
बाकीच्यांत कुणी लिंबाचं लोणचं घातलंय,
कुणी मुलीच्या शाळेची चिल्लर जमवतंय.
त्या बरण्या नुकसानीत लिहायच्या की कशात,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि लाईन.
लाईन यायची रात्री एकला, जायची पाचला.
तेवढ्यात कांडप उरकायचं.
चंद्रकलाला डुलकी लागली ती अशाच एका रात्री.
मशीन थांबवलं तोवर
तिच्या उजव्या हाताची चारच बोटं उरली होती.
त्या रात्रीची चटणी आम्ही पुरली. कुणी वजन केलं नाही.

आता टिनावर चोवीस पाट्या.
दिवसा दळतो, रात्री झोपतो.
सुरुवातीचे आठ दिवस झोपच येईना,
एक वाजता सगळ्या आपापल्या घरी टक्क जाग्या.

माकडं येतात. पऱ्हाटीच्या दिवसांत धूळ बसते.
ऑगस्टात आभाळ दाटलं की कांडप मुकं होतं,
मग सरकारी लाईनची वाट बघतो, पूर्वीसारखीच.
मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
वाटलं होतं वीज ओसंडून वाहील.
तर उलट कमीच.
बसवणारा पोरगा म्हणाला, पाट्यांनाही ऊन सोसत नाही.
गुंफाबाईनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं,
"एकेका पाटीखाली कांदा ठेवू का, बाप्पा?"

नव्या पाकिटावर फोटो नको म्हणाली ती.
"माह्यं थोबाड दुसऱ्यांदा नाल्यात नाई पायजे."
तिथं आता कोरी जागा आहे, तळहाताएवढी.
चंद्रकला म्हणते, असू दे.
वितरक म्हणतो, काहीतरी छापा.

ते जुनं पाकीट मात्र तिनं धुऊन
कारखान्याच्या दाराला खिळ्यानं ठोकलंय.
पहाटे दवाच्या पाण्यानंच पाट्या पुसून
ती शिडी उतरते, दारातून आत जाते,
त्याच्याकडे बघत नाही.
ते हसतच असतं.