गडग्यावरची कोरांटी

रत्नागिरीच्या नर्सरीतून आणलेले गुलाब
पहिल्याच एप्रिलात गेले.
विहिरीचा तळ दिसायला लागला की
पूर्णगडात पाण्याला खाडीची चव येते,
चहासुद्धा फाटतो,
गुलाबाचं काय घेऊन बसलात.

मग पहार घेऊन सड्यावर गेले.
कातळाच्या भेगेत, जिथे माती म्हणजे नुसता समज,
काटेकोरांटी उभी होती,
गुरांनी टाळलेली, अंगभर पिवळी.
मुळासकट आली नाही.
एक फांदी आली, तळहातात दोन काटे आले.

गडग्याच्या कडेला खोचली.
हा तोच गडगा, ज्याच्या वीतभर जागेपायी
मी आणि धाकटी जाऊ प्रमिला
नऊ वर्षं बोललेलो नाही.
दोनदा मोजणी झाली. दोन्ही वेळा भूमापकाकडे आंबे गेले,
दोन्ही घरांतून.

कोरांटीला रोज तांब्याभर पाणी दिलं.
बुंधा मऊ पडला, गेली.
दुसरी लावली. तिचंही तेच.
पाणी न घालणं शिकायला
मला तिसरी फांदी लागली.
कळशी पालथी घालून
हात मागे बांधून उभं राहायचं,
आणि ती आपली ऐन मे महिन्यात
मला न विचारता हिरवी.

कार्तिकात फुलली.
एका सकाळी पाहते तर तीन शेंडे कापलेले,
कातरीने, नीट, तिरपे.
दुपारी आळीत कळलं, प्रमिलाची दाढ धरलीय,
गाल गुळाच्या ढेपेएवढा.
कोरांटीचा पाला चावला की ठणका उतरतो
हे सासूबाईंनी तिला सांगितलं होतं.
मलाही.
मी काही बोलले नाही.
एक फांदी तेवढी सुंभाने बांधून
पलीकडे वळवली.

माघात बोंडं वाळली.
भांडी विसळून पाण्याचा हबका टाकला
तर तड् तड् तड्,
बी उडालं थेट गडग्यापार.
ना नोटीस, ना सातबारा.

काल वाकून पाहिलं.
वर्ष उलटून गेलंय.
तिच्या बाजूला वीतभर रोप,
कोंबड्यांनी उकरू नये म्हणून
भोवती फुटक्या कौलांचं कडं.
माती ठणठणीत कोरडी.
पाणी घातलेलं नाही.
म्हणजे तिला कुणीतरी सांगितलं असणार...
छे, सांगून कुठे कळतं हे.
तिच्याही आधी दोन मेल्या असतील.